आर्डिथच्या काहिलीपाशी

मार्चचा पहिला मंगळवार टॅम्सन गावच्या गावसभेचा. शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडतात, लोकरी कोटांचा ढीग कोपऱ्यात पडतो, बुटांचा बर्फ वितळून फरशीवर बारकी बारकी तळी होतात, आणि गाव वर्षभराचं काय ते बसून ठरवून टाकतं. कुठला रस्ता दुरुस्त करायचा, बर्फ काढायच्या ट्रकला नवं पातं घ्यायचं की जुनंच रेटायचं, मोकाट कुत्र्यांचं काय करायचं. हात वर, हात खाली. एवढंसं काम. पण ते कसं करायचं हे इडेला पेल्की बाई तेहेतीस वर्षं शिकवत होत्या, आणि तेहेतीस वर्षांत त्यांचा स्वतःचा हात एकदाही वर झाला नव्हता.

बाईंचं घर ओढ्यापलीकडे. ओढा हीच गावाची शीव. लग्न होऊन त्या नवऱ्याच्या शेतावर आल्या त्या अलीकडच्या ऐवजी पलीकडच्या काठावर, बस, इतकंच. नवरा लाइल होता तोवर निघण्याचा प्रश्न नव्हता. तो जाऊन सात वर्षं झाली, आता निघण्याचा उत्साह नव्हता. त्यामुळे दर सभेला त्या भिंतीकडच्या बाकावर, बास्केटबॉलच्या जाळीखाली, अठरा वर्षं न झालेल्या पोरांबरोबर बसत. मत नसलेल्यांचा तो बाक.

आज त्या बाकावर सोळा पोरं होती. एरवी हसून, कोपरं मारून बाक हलवणारी पोरं आज गप्प होती. कार्यक्रमपत्रिकेवरचा नववा विषय होता : शाळेचे वरचे चार वर्ग जूनपासून बंद करावेत का, आणि मुलांना एकोणीस मैलांवर ब्रॅमवेलच्या मोठ्या शाळेत बसने पाठवावं का.

"ब्रॅमवेलला कँटीनमध्ये पिझ्झा असतो म्हणे," एक पोरगा पुटपुटला.

"मग काय, चार वर्ग पिझ्झ्यावर ओवाळून टाकायचे?" पुढच्या खुर्चीतून कोरिन टाट्रो मागे वळून म्हणाली.

कोरिन आता पुढच्या खुर्चीत होती. तिला अठरा पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी बाईंनी तिला गावच्या कचेरीत नेऊन मतदार यादीत नाव घालून आणलं होतं. दरवर्षी ज्याचं ज्याचं वय भरेल त्याला त्या असंच नेत. जाताना पोरं बडबडत, येताना जरा उंच झाल्यासारखी चालत. आज कोरिनच्या मांडीवर वही होती आणि त्या वहीत शाळेच्या बाजूचे कोण, विरोधातले कोण, यांची नावं होती. दोन्ही रकाने जवळजवळ सारखे लांब होते. बाईंनी ते पाहिलं होतं आणि काही बोलल्या नव्हत्या. वर्गात बाजू घ्यायची नाही हा त्यांचा नेम, आणि तो पाळून पाळून आता त्या थकल्या होत्या.

सकाळचे विषय संपायला दुपार झाली. जेवायला शेंगांची उसळ, भाजलेलं डुकराचं मांस, पाव आणि बायकांनी घरून करून आणलेले ॲपल पाय. जेवणं चालू असतानाच खिडकीबाहेर वळचणीचं पाणी टपटपायला लागलं. रात्री कडक गोठलेलं, दिवसा लख्ख ऊन. हॉलमधल्या निम्म्या माना खिडकीकडे वळल्या. अशा हवेला मेपलच्या झाडांना रस सुटतो. झाडाझाडाला लटकवलेल्या बादल्या भरतात, भरून वाहू लागतात, आणि तो रस त्याच दिवशी काहिलीत चढवून आटवला नाही तर गेला. वर्षातून पंधरावीस दिवस असे मिळतात, आणि आजचा पहिला होता.

नववा विषय पुकारला तेव्हा वेंडेल हॅच उठला. पन्नाशीला आलेला, रुंद खांद्यांचा माणूस. गावातलं सगळ्यात मोठं गुऱ्हाळ त्याचं, आणि वरचे वर्ग बंद करा म्हणणाऱ्यांत तो पहिला.

"अध्यक्षमहोदय, या विषयावर चिठ्ठीनं मतदान व्हावं अशी माझी मागणी आहे. सोबत सहा मतदार आहेत."

सहा हात वर झाले. सात जणांनी मागितलं की चिठ्ठीमतदान द्यावंच लागतं. म्हणजे आधी चर्चा, मग एकेकाचं नाव यादीत तपासणं, चिठ्ठी, आडोसा, पेटी. दोनशेहून जास्त माणसं. दोन तास तरी हवेत. सभाध्यक्ष गिल्मन म्हाताऱ्यानं चष्मा पुसला आणि बाकाकडे बघून म्हणाला, "नियम बरोबर सांगितला. कुणी शिकवला ते विचारायला नको."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. वेंडेल त्यांच्या पहिल्याच वर्षीच्या वर्गातला. हा नियम त्याला तीनदा विचारला होता आणि तिन्हीदा चुकला होता.

चर्चा सुरू झाली आणि तिच्याबरोबर खुर्च्यांची करकरही. मागच्या रांगेतून एक जण कोट घेऊन निघाला. मग आणखी एक. मग कोरिनचा बाप रॉइस टाट्रो उभा राहिला आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, "मला जायला पाहिजे गं. साडेतीनशे बादल्या आहेत. तुझं मत आहे ना, तेवढं दे."

"बाबा, तुमचं एक आणि आईचं एक. दोन जातात."

"रस थांबत नाही बाळा."

कोरिन बाकापाशी आली. "बाई, त्यानं मुद्दाम केलं हे. त्याची बायको आर्डिथ बसलीय काहिलीपाशी, त्याला काय घाई? आमच्याकडे कोण आहे? चिठ्ठ्या सुरू होईपर्यंत अर्धा हॉल रिकामा."

"त्याचा हक्क आहे तो."

"हक्क आहे म्हणून काय झालं?"

बाईंचे गुडघे दुखत होते, आणि मनात अशी एक जागा होती जी म्हणत होती, होऊ दे. बंद होऊ दे. तेहेतीस वर्षं झाली. जूनमध्ये किल्ली टेबलावर ठेवायची आणि ओढ्यापलीकडे जाऊन झोपायचं, पोटभर झोपायचं. त्या जागेकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग बाकावरच्या सोळा पोरांकडे पाहिलं. एकूण एक पोर गुऱ्हाळात वाढलेलं. रस कधी वर येतो, मळी कधी काढायची, जाळ कधी ओढायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"कोरिन," त्या म्हणाल्या, "मला बोलायला परवानगी माग."

बाहेरगावच्या माणसाला सभेत तोंड उघडायचं तर दोन तृतीयांश मतदारांनी हो म्हणावं लागतं. बाई हे दर सप्टेंबरात फळ्यावर लिहीत. स्वतःसाठी त्यांनी ते कधी मागितलं नव्हतं. कोरिन खुर्च्यांच्या मधोमध उभी राहिली. शब्द एकामागून एक नीट आले, जसे पाठ केले होते तसे. हात वर झाले. विरोधातल्यांचेही झाले. वेंडेलचाही झाला.

बाई उभ्या राहिल्या. इतक्या माणसांपुढे त्या रोज बोलत आल्या होत्या, फक्त तेव्हा ती माणसं लहान होती.

"मी शाळेविषयी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सोळा मुलं आहेत, त्यांना मत नाही. पण काहील सांभाळता येते. ज्याला रसासाठी घरी जावं लागतंय त्यानं सांगा, मुलं जातील. तुम्ही थांबा आणि मत द्या. कुणीही सांगा. कुणाच्या बाजूचं आहात ते कुणी विचारणार नाही."

दाराशी गेलेला रॉइस मागे वळून म्हणाला, "माझ्याकडे दोन पाठवा. आणि माझ्या बापाला म्हणावं, उठून लुडबुड करू नकोस." हॉल हसला आणि हात वर यायला लागले. सात गुऱ्हाळं झाली. बाई दाराशी उभ्या राहून पोरांच्या जोड्या लावत होत्या, गाडी चालवणारं एक, बिनलायसन्सचं एक. कोरिन वही घेऊन धावत आली.

"बाई, यातले तीन आपले नाहीत." तिनं बोट ठेवलं. "हे, हे आणि हे. यांना जाऊ द्या ना घरी. आपल्या चौघांकडेच पोरं पाठवा."

"मी कुणीही म्हटलं."

"तुम्ही म्हटलंत. पण कुणाला कळणार आहे? पोरं कमी पडली म्हणून सांगू."

"पोरं कमी पडली नाहीत."

कोरिननं वही मिटली. ती जोरात मिटली तेव्हा बाईंना दिवसभर पाठीवर वाहिलेलं ओझं अचानक जाणवलं. पोरगी चुकत नव्हती. तिला हवी होती तीच गोष्ट बाईंनाही हवी होती. पण उद्या याच पोरांपुढे उभं राहून फळ्यावर काय लिहायचं, हा प्रश्न बाईंना होता. तो कोरिनला अजून नव्हता.

"आर्डिथला कोण सोडवणार मग?" मागून कुणीतरी चेष्टेनं ओरडलं. "वीस वर्षं झाली बिचारीनं सभा बघितली नाही."

"ती येत नसते," वेंडेल म्हणाला. "तिला आवडत नाही हे सगळं."

"तू विचारलंयस तिला?" बाईंनी विचारलं.

वेंडेल खाली बघून बुटांनी फरशीवरचं पाणी पसरवू लागला. पोरं संपली होती. दोन उरली होती ती नववीतली, त्यांना एकटं जाळापाशी बाई सोडणार नव्हत्या. त्यांनी स्वतःचा कोट उचलला.

"बाई," कोरिन म्हणाली, "ते घर त्यांच्या बाजूचं आहे."

"तिचं मत तिचं आहे," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

हॅचचं गुऱ्हाळ टेकडीच्या पोटाशी. छपराच्या झरोक्यातून पांढरी वाफ सरळ वर जात होती. आत आर्डिथ, बाह्या दुमडलेली, केस कपाळाला चिकटलेले. बाईंना पाहून ती दचकली, बारावीत उशिरा आल्यावर दचकायची तशी.

"बाई? काय झालं? वेंडेलला काही..."

"काही नाही झालं. झारा दे इकडे. तू जा, मत देऊन ये. तुला जायचं असेल तर."

आर्डिथनं झारा पुढे केला, पण सोडला नाही. "मला कळत नाही हो ते. उभं राहून काय बोलायचं, कधी हात वर करायचा."

"आज हात वर करायचा नाही. चिठ्ठी आहे. आडोसा आहे. तू आणि चिठ्ठी, तिसरं कुणी नाही."

"वेंडेल विचारेल."

"विचारू दे."

आर्डिथनं एप्रन सोडला. दारापर्यंत गेली, परत आली, म्हणाली, "फेस वर आला तर लोण्याचा बोटभर तुकडा टाका. डाव्या कप्प्याला जास्त येतो." मग गेली. ट्रकचा आवाज टेकडीखाली उतरत उतरत विरला.

मग बाई होत्या आणि काहील होती. पत्र्याची लांब काहील, कप्प्याकप्प्यांची, एका टोकाला पाण्यासारखा रस, दुसऱ्या टोकाला मधाच्या रंगाचा. बाईंनी दर सात मिनिटांनी ओंडका सारला, झाऱ्यानं मळी काढली, बाजूच्या डब्यात झटकली. त्यांच्या आईकडेही गुऱ्हाळ होतं. आई मळी काढताना गाणं म्हणायची, झाडाला उद्देशून. ऊन आलं गं बाई, आता दे. थंडी आली गं बाई, आता नीज. एवढंच काहीतरी, पुन्हा पुन्हा. बाईंना वाटलं, आपणही तेहेतीस वर्षं असंच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत आलो. पातळ रस ओतायचा, जाळ घालायचा, मळी काढायची. चाळीस बादल्यांचा एक बादली पाक होतो. उरलेल्या एकोणचाळीस वाफ होऊन झरोक्यातून जातात, आणि त्या कुठे गेल्या हे कुणी विचारत नाही.

डाव्या कप्प्यात फेस उसळला. त्यांनी लोण्याचा तुकडा टाकला, फेस मुकाट्यानं बसला. त्या ओंडक्यावर बसल्या. बसल्यावर कळलं की उठायला त्रास होणार आहे, तरी बसल्या.

ट्रक परत आला तेव्हा ऊन तांबूस झालं होतं. आर्डिथ आत आली. गाल लाल, आणि हातात बोटाएवढी शिसपेन्सिल.

"खिशात राहिली," ती म्हणाली. "आडोशातली. परत द्यायला हवी का?"

"देशील उद्या."

आर्डिथनं एप्रन बांधला, झारा घेतला, मळी काढली, डबा सारला. पाठ वळवूनच म्हणाली, "गेलं हो बाई. एकशे पंधरा बंद करा म्हणाले. एकशे बारा नको म्हणाले. दोनशे सत्तावीस माणसं. गिल्मन म्हणाला, इतकी चाळीस वर्षांत थांबली नव्हती."

बाईंनी मान हलवली. ऐकल्यावर काहीतरी होईल असं त्यांना वाटलं होतं. काहीच झालं नाही.

"बाई, मी कुठे खूण केली सांगू?"

"नको."

"तुम्हाला सांगावंसं वाटतं."

"म्हणूनच नको. मला नको, वेंडेललाही नको. ते तुझ्यापाशी ठेव."

आर्डिथनं झारा डब्यावर झटकला. मग हळूच हसली. हिला हसताना आपण पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं, हे बाईंना तेव्हा उमगलं.

दार ढकलून कोरिन आली. डोळे सुजलेले. ती रडून आली होती आणि आता रागाची पाळी होती. आर्डिथकडे बघून थबकली, पण बोलायची थांबली नाही.

"तीन मतांनी गेलं, बाई. तीन. त्या तीन घरांची पाच मतं होती. मी मोजली, रांगेत उभी राहून मोजली. ती घरी गेली असती तर आपण जिंकलो असतो. तुम्हाला माहीत होतं ना?"

"होय."

"मोजलं होतंत?"

"दाराशी उभी होते तेव्हाच."

"मग?" पोरीचा आवाज फुटला. "तुम्हीच शिकवलंत, एकेक मत मोलाचं. आणि त्यांची तुम्ही सांभाळून दिलीत. माझी बारावी इथून होईल, पण माझा भाऊ सातवीत आहे. नववीत गेला की तो पहाटे सहाला बसला उभा राहणार."

बाईंना तिला पुष्कळ सांगता आलं असतं. ते सगळं त्यांनी वर्गात कधी ना कधी सांगितलेलं होतं आणि आज त्यातलं एकही वाक्य उचलण्याची ताकद नव्हती. त्यांनी हात पुढे केला. कोरिननं तो धरला नाही, पण ती ओंडक्यावर त्यांच्याशेजारी बसली. आर्डिथनं दोन कपांत गरम पाक ओतला, बोटभर, आणि दोघींच्या हातात दिला. कोरिननं आधी नको म्हटलं, मग प्यायली.

कप खाली ठेवून ती म्हणाली, "तीस दिवसांचं काय ते होतं ना. ऑक्टोबरमध्ये शिकवलेलं."

बाईंनी डोळे मिटले. त्यांना ठाऊक होतं हे येणार. तीस दिवसांच्या आत शेकडा पाच मतदारांनी सह्या केल्या, तर तोच विषय गावापुढे पुन्हा आणता येतो. पुन्हा नोटीस, पुन्हा सभा, पुन्हा खुर्च्या, पुन्हा जाळीखालचा बाक.

"आहे तसं," त्या म्हणाल्या.

"किती सह्या लागतील?"

"तूच काढ. यादीत चारशे वीस नावं आहेत."

कोरिनचे ओठ हलले. "एकवीस. पण सभा पुन्हा भरली की विरोधातलेही येतीलच की सगळे. आणि तुम्ही परत पोरांना त्यांच्या काहिलींपाशी..."

"परत."

"मग उपयोग काय?"

"कोरिन, मी फार दमलेय," बाई म्हणाल्या. "खरंच दमलेय गं. आणि मला सहीही करता येत नाही. मी या गावची नाही."

कोरिननं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग वही उघडली, नावांचे दोन रकाने असलेलं पान फाडलं आणि भट्टीच्या दारातून आत टाकलं. कोऱ्या पानावर वर मोठ्या अक्षरांत विषय लिहिला, खाली रेघा ओढायला लागली. रेघा वाकड्या येत होत्या, मांडीवर धरून ओढत होती म्हणून.

आर्डिथ मळी काढत होती. तिनं झारा डब्यावर आपटला, हात एप्रनला पुसले आणि कागदाकडे वळली. खिशातली शिसपेन्सिल बाहेर काढली.

"सही कुठे करू?"

"पेननं करावी लागते," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "आणि नाव यादीत आहे तसंच लिही. आर्डिथ एम. हॅच. नाहीतर कारकून सही बाद करतात."

कोरिन खिशात पेन शोधू लागली. जाळ धुमसला होता. बाईंनी बसल्या बसल्या एक ओंडका उचलला, भट्टीत सारला, आणि भिंतीला डोकं टेकलं.